माझ्या पायांची खबर

माझे पाय गेले ते पाण्यात गेले. आणि त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही, उलट फार आनंद झाला. हे ऐकलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात, म्हणून आधी तेवढंच समजावून सांगतो.

मी लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. बायको सुनीता नांदेडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची बदली होत नाही आणि माझं काम लातूर सोडून होत नाही. त्यामुळे ती आणि मुलगी नांदेडात, मी लातुरात एका खोलीत, असा आमचा संसार बरीच वर्षं चाललेला आहे. आठवडाभर मी पोरांशी बोलतो, म्हणजे खरं तर फळ्याशी बोलतो. खोलीवर आलं की तेही नाही. चाळिशीनंतर मला ट्रायथलॉनचं खूळ लागलं, तेव्हा क्लासमधले सगळे म्हणाले, सरांनी तब्येतीचं मनावर घेतलं. तब्येतीचं काही नव्हतं. मला खोलीबाहेर राहायला निमित्त हवं होतं.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल मारायची आणि मग पळायचं. सायकल आणि पळणं मला जमत होतं. पोहणं मात्र विहिरीतलं. हदगावकडच्या आमच्या गावात चुलत्याने पाठीला डबा बांधून ढकलून दिलं होतं, तेवढंच शिक्षण. विहिरीत शिकलेला माणूस बुडत नाही, पण पुढेही जात नाही. तो गुडघे दुमडून पाण्याला लाथा घालतो, फेस काढतो आणि दमतो.

लातूरच्या टँकवर मला इक्बालभाई भेटला. गंजगोलाईत त्याचं कापडाचं दुकान आहे, दोन पिढ्यांचं. वय माझ्याएवढंच आणि खूळही तेच. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तो फ्रीस्टाइल शिकला होता आणि पायांच्या बाबतीत त्याची मतं मौलवीसारखी पक्की होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "सर, तुम्ही पाण्यात सायकल चालवून राहिले. सायकल बाहेर हाय. इथं पाय वाचवा."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुढे सायकल आणि पळणं असतं, म्हणून ट्रायथलॉनवाल्याने पाण्यात पाय खर्च करायचे नसतात. पाय कमरेपासून हलवायचे, गुडघा जवळजवळ सरळ, घोटा सैल, बोटं मागे. दोन हातांना दोनच किक. फेस नाही, आवाज नाही. "पाय मारायचे न्हाईत, नुस्ते जागे ठेवायचे," हे त्याचं वाक्य.

आता फ्रीस्टाइलची गंमत अशी, की पोहणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. तोंड खाली, नजर टँकच्या फरशीवर. पाय मागे काय धंदे करतात ते काठावरच्या माणसाला विचारावं लागतं. इक्बालभाई काठाने माझ्यासोबत चालायचा, फक्त पायांकडे बघत, आणि टोकाला पोचलो की निकाल सांगायचा. "आवाज लई झाला." सबंध हिवाळा मी हेच ऐकलं. मी पोरांना पाण्याचा प्रतिकार शिकवणारा माणूस, गणितं घालणारा, पण माझे पाय काही माझं ऐकत नव्हते.

जमलं, सर!

मग मध्येच माझं पोट बिघडलं. चार दिवस भात-ताक खाल्लं, बरं वाटलं, पुन्हा टँकवर गेलो. थोड्या दिवसांनी एका सकाळी टोकाला पोचून वर बघतो तर इक्बालभाई दोन्ही हात वर करून उभा.

"माशाअल्लाह! सर, आज पाय एकदम गप. जमलं तुम्हाला!"

खरं सांगतो, क्लासचा पोरगा मेडिकलला लागल्यावरही मला एवढा आनंद झालेला नाही. मी त्याला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी पाय आणखी गप झाले. "थोडे खाली जाऊन राहिले," तो म्हणाला, "पण आवाज न्हाई, ते महत्त्वाचं." बाहेर निघताना शिडीवर पाय चढेना, तेव्हा मी हातांनी ओढून वर आलो आणि आम्ही दोघं हसलो. परवाचं पळणं पायातून निघतंय, असं ठरवून टाकलं. तळव्यांना मुंग्या येत होत्या, त्याचा दोष नव्या बुटांना दिला.

टँकवर सुट्टीत पोरं घेऊन येणाऱ्या कुठल्याही बाईने मला बघितलं असतं, तर म्हणाली असती, या माणसाच्या पायात जोर नाही, याला दवाखान्यात न्या. आम्ही दोघं शहाणे मात्र त्याला प्रगती समजलो. महिनोन् महिने ज्याची वाट बघितली, तीच गोष्ट आजाराने आणून दिली. ती ओळखणार तरी कशी?

नांदेड आलं

शनिवारी नेहमीसारखा एसटीने नांदेडला निघालो. चढताना दांडा धरून स्वतःला आत ओढलं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मी खिडकीशी बसून होतो आणि मांड्यांवर कोणी ज्वारीचं पोतं ठेवल्यासारखं वाटत होतं. नांदेडच्या स्टँडवर सगळे उतरले. मी उठायला गेलो आणि उठलोच नाही.

"उतरा की हो," कंडक्टर म्हणाला. "नांदेड आलं."

"हाव, उतरतो," मी म्हणालो आणि बसून राहिलो. त्याला वाटलं मी प्यालोय. त्याने जवळ येऊन वास घेतला. वास येईना, तेव्हा त्याचा आवाज बदलला. "काय झालं हो, सर?" त्याने आणि ड्रायव्हरने मला दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं. सुनीता स्कूटी घेऊन न्यायला आली होती. नवऱ्याला असं लटकत येताना बघून ती ओरडली नाही, रडली नाही. स्कूटी तिथेच लावून तिने रिक्षा बोलावली. तिच्या चेहऱ्यावर शाळेत इन्स्पेक्शन आल्यावर असतो तसला भाव होता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरांनी छोट्या हातोडीने गुडघ्यावर मारलं. पाय उडायला हवा होता. उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. तोही नाही. मी म्हणालो, "पुन्हा मारा." त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा मारलं. एखादा नियम फळ्यावर चुकीचा निघावा तसं मी माझ्याच गुडघ्याकडे बघत राहिलो.

पाठीतून पाणी काढलं, नसांची तपासणी झाली. अंगातली जी फौज रोगाशी लढायची, तीच माझ्या नसांवर उलटली होती. पोट बिघडल्यानंतर कधीकधी असं होतं, म्हणाले. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो. मग सुनीताला बाजूला नेऊन हळू आवाजात जे बोलले तेही मला ऐकू आलं. "खालून वर चढत चाललंय. छातीपर्यंत येऊ नये, एवढंच आत्ता बघायचं."

छत

आयसीयूत मला माझ्या पायांची आठवण फार आली. ते तिथेच होते, चादरीखाली, पण मला त्यांचा पत्ता नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातही गेले. मान उचलता येईना. मग उरलं ते छत. तिथल्या एका डागाशी माझी इतकी ओळख झाली, की आज काढून दाखवीन.

औषधाच्या बाटल्या हातात चढत राहायच्या. दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन एका दमात आकडे म्हणायला लावायचं, छाती टिकून आहे का बघायला. त्यात मी पास होत होतो. सिस्टर म्हणायची, "सर, तुमचा दम लई चांगलाय, पोहत होते ना?" पोहण्याने मला फसवलं, पण छाती तेवढी राखली, असं मी स्वतःला सांगायचो. खरं-खोटं देव जाणे.

त्या दिवसांतलं मोठं दुःख विचाराल तर मरणाची भीती नव्हे. नाकाला सुटलेली खाज. हात उचलत नाही आणि नाक खाजतंय. आजूबाजूला मशीनं वाजताहेत, माणसं मरताहेत, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी कोणाला हाक कशी मारायची? शेवटी मी मारायचो. एक सिस्टर होती, ती न विचारता कापसाने माझं नाक पुसायची, मग कपाळही पुसायची. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

बाकी मी एकटा होतो. इतका एकटा लातूरच्या खोलीतही कधी नव्हतो. तिथे निदान माझे हातपाय माझ्यासोबत असायचे.

अंगठा

संध्याकाळी भेटायची वेळ असायची. सुनीता रांगेत उभी राहायची आणि आत सोडलं की आधी चादर वर करायची. डॉक्टर म्हणाले होते, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करत राहा. मला मान उचलून बघता येत नव्हतं आणि आतून काही कळत नव्हतं. मग मी सगळा जीव एकवटून अंगठ्याला हुकूम सोडायचो आणि तिला विचारायचो, "हलला का?"

पहिले काही दिवस ती "अजून न्हाई" म्हणाली. मग एका संध्याकाळी म्हणाली, "हलला."

"खरं?"

"हलला की. थोडासा, पण हलला."

त्या 'थोडासा'वर मी जगलो. छताकडे बघत दिवसभर अंगठ्याला हुकूम द्यायचो आणि संध्याकाळी तिच्या तोंडून निकाल ऐकायचो. आज जास्त हलला, म्हणायची. आज दोन्ही हलले. मी मनात सायकलवर बसलो, पळालोसुद्धा.

मला वॉर्डात हलवलं तेव्हा हातांत थोडी जान आली होती. फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. मी रुबाबात म्हणालो, "अंगठे केव्हाच हलायला लागलेत." त्यांनी चादर काढली, नीट बघितलं. "हलवा बरं." मी हलवले. त्यांनी उशी लावून माझी मान उंच केली, म्हणजे मलाही दिसावं. "अजून नाही हलत, सर," त्या हळूच म्हणाल्या. "पण हलतील."

मी बघितलं. दोन अंगठे, वर तोंड करून, दुकानात मांडून ठेवल्यासारखे. मी जीव तोडून जोर लावत होतो आणि ते ढिम्म होते. एक वेळ ते हलत नव्हते हे मी सोसलं असतं. ते हलत होते असं मला सांगितलं गेलं होतं, ते सोसवेना.

सुनीताला मी लगेच काही बोललो नाही. ती चादर वर करायची, मी विचारणं बंद केलं. तिने ओळखलं. एकदा डबा उघडता उघडता मीच फुटलो. "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू?" तीही भडकली. शेजारच्या पेशंटची माणसं बघायला लागली. "तुम्ही माझ्या तोंडाकडं कसं बघत होता, ते तुम्हाला दिसलं का? रोज न्हाई, न्हाई, न्हाई म्हणायचं, बाहेर येऊन त्या जिन्यात बसायचं, आणि मग घरी पोरीला सांगायचं की पप्पा मजेत हायत. मलाबी कुणीतरी हलला म्हणणारं पायजे होतं!"

चूक कोणाची, ते आजही मला ठरवता येत नाही. पण त्या दिवसापासून ती काही चांगलं बोलली, की मी मनात म्हणायचो, खोटं. रंग बरा दिसतो म्हणाली, खोटं. डॉक्टर खूश आहेत म्हणाली, खोटं. आमचं भांडण तिथेच मिटलं, पण तिच्याकडून माझ्यापर्यंत येणारी वाट बंद झाली. आमच्यात अंतर आधीच होतं, लातूर-नांदेडचं. हे अंतर एसटीने जाऊन संपणारं नव्हतं.

घरी

घरी आलो तेव्हा लोक म्हणाले, आता काय, सुटलात. सुटलो कसला. सुनीताची रजा संपली, मुलीची दहावी होती. सकाळी दोघी जायच्या. मी खुर्चीत, शेजारी पाण्याची बाटली आणि फोन. शेजारच्या काकू दुपारी एकदा डोकावून, "हाय का ठीक?" विचारून जायच्या. दवाखान्यात निदान सिस्टर यायची. मोकळ्या घरात मी भिंतीवरच्या पालीशी बोललोय, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

इक्बालभाईचे फोन यायचे, तो मात्र आला नाही. आला तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता. मला खुर्चीत बघून दारातच थांबला. चहा झाला, बाजाराच्या गप्पा झाल्या, आणि जायला उठता उठता म्हणाला, "मीच म्हणलो होतो, जमलं म्हणून. लगेच दवाखान्यात गेलो असतो तर..." मी म्हणालो, "जाऊ द्या हो, मलाही तसंच वाटलं होतं." तोंडाने म्हणालो. मनातून मला त्याचा राग होता, अगदी पोरकट राग.

या आजारात शरीर वरून खाली परत मिळतं. आधी हात, मग कंबर, मांड्या. वॉकर धरून उभा राहिलो, मग चाललो. पावलं सगळ्यात शेवटी, कारण त्यांच्या नसा लांब. उजवं पाऊल लोंबायचं, त्यासाठी बुटात प्लास्टिकची पट्टी घालायला दिली. गुडघ्याखाली अजून अंधार होता. पायातून चप्पल निसटायची आणि मी तसाच पुढे जायचो. सुनीता मागून म्हणायची, "अहो, चप्पल राहिली." तेव्हाही मी तिच्या सांगण्यावर न जाता खाली वाकून बघायचो. ती हे रोज बघत होती, बोलत नव्हती.

हे वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी असा आजार आला असेल, तर दोन गोष्टी सांगतो. तळव्यांच्या मुंग्या वर चढायला लागल्या आणि जिना जड वाटायला लागला, तर बुटांना दोष देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा त्याचं नाक खाजतंय का, ते विचारा. बाकी धीर वगैरे त्याचा तो बघेल.

टँक

फिजिओ बाई म्हणाल्या, आता पाण्यात जायला हरकत नाही, सोबत चांगला पोहणारा हवा. मला एकच नाव माहीत होतं. इक्बालभाई दुकान भावावर टाकून लातूरहून आला. नांदेडच्या टँकवर दुपारी गर्दी नव्हती. त्याने आणि सुनीताने मला धरून काठावर बसवलं, मग तो आत उतरला आणि मला कुशीत घेतल्यासारखं पाण्यात घेतलं. दोघंही लाजलो.

पाण्यात वजन गेलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी सरळ आडवा झालो, आणि ते आडवं होणं खाटेवरचं नव्हतं. इक्बालभाईने कमरेला धरलं. मी तोंड पाण्यात घातलं आणि किक मारायला लागलो. मांड्या कळत होत्या. त्याच्या खाली काहीच नाही. पावलं मागे हलत होती, लोंबत होती की नव्हतीच, कळायला मार्ग नव्हता. खालची निळी फरशी तेवढी दिसत होती. मला त्या छताची आठवण झाली.

मी तोंड वर काढलं. "पावलं हलतायत का?"

इक्बालभाईने मान फिरवली. "मला नका विचारू, सर. माझ्या नजरेवर माझाच भरवसा न्हाई राहिला."

काठावर सुनीता पदर खोचून उकिडवी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही कळलं, की हे तिलाच विचारायचं आहे. वॉर्डातल्या त्या भांडणानंतर मी तिला काही विचारलं नव्हतं.

"हलतायत का गं?"

"परत करा," ती म्हणाली.

इक्बालभाई मला ओढत निघाला आणि ती काठाने चालायला लागली, वाकून, उन्हासाठी कपाळावर हात धरून. मी जेवढा होता तेवढा जोर लावला. टोकाला पोचून काठ धरला आणि धापा टाकत तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. आता ही हलतंय म्हणणार, मला वाटलं.

"उजवं न्हाई हलत," सुनीता म्हणाली.

"जरा बी न्हाई. नुस्तं वढत येऊन राहिलंय मागं." तिने नाक पुसलं. "डावं हलतंय. घोट्यातून हलतंय. मी नीट बघितलं."

मी काठ धरून राहिलो. उजवं हलत नाही असं ती म्हणाली, म्हणजे डावं खरंच हलत होतं. एवढं सोपं गणित, आणि ते करायला मला किती वेळ लागला. इक्बालभाई पाण्यात तोंड धुवायच्या निमित्ताने पलीकडे वळला.

"परत जाऊ," मी त्याला म्हणालो, आणि तिला म्हणालो, "बघशील ना?"

"बघून राहिले," ती म्हणाली. "करा तुम्ही."